दिसला नाही, एवढंच

क्लोमेन तमालपत्राची झाडं बघायला दरीत उतरला तो रात्री परतलाच नाही. उजाडल्यावर कळलं की वाटेचा अर्धा डोंगर खाली गेलाय. शिलाँगकडच्या सोहराच्या त्या अंगाला पावसाळ्यात दरडी येतातच, त्याचं कुणाला नवल नाही. पण क्लोमेन जाणता गडी, वाट चाचपून पाऊल टाकणारा. तोच सापडेना म्हटल्यावर माणसं कड्यावर जमली.

रिदाला बोलावणं आलं तेव्हा ती चुलीपाशी लाल चहा पीत होती. लग्नांची आणि धबधब्यांची चित्रणं करून ती पोट भरायची. कॅमेऱ्याचा ड्रोन गावात तिच्याकडेच होता. बोलावणारा लुमलांग, मानानं बाह लुमलांग, तिचा सख्खा मामा, शिवाय गावचा प्रमुख. घरातला वरचा शब्द, तो तिथे मामाचाच, आणि गावातला वरचा शब्द एकाच तोंडून आले, की नाही म्हणायला जागा उरत नाही. तरी ती कड्यावर जाऊन म्हणाली, "मामा, पाऊस आहे."

"इथे पाऊस कधी नसतो?"

"पाणी आत गेलं की हा खाली जाईल. दरीत. मग नंतर उघडीप मिळाली तरी हातात काही नसेल."

"लग्नात बरा उडतो."

"लग्नातही पावसात नाही उडवत. वधूच्या आईच्या शिव्या खाते, पण नाही उडवत."

कड्यावर बसलेली दोघं-तिघं हसली. क्लोमेनची बायको मेरिस, जिला सगळे मानानं कोंग, म्हणजे ताई, म्हणत, ती हसली नाही. ती इरलं पाठीवर घेऊन उभी होती. तिनं फक्त विचारलं, "थोडा वेळसुद्धा नाही?"

पाऊस तेवढ्यात झिमझिमीवर आला होता. रिदानं आभाळाकडे पाहिलं, मग दरीकडे. खालून वारा चढत होता. तिनं काचेवरचा थेंब टिपला, ड्रोन हातात धरून पंखे सुरू केले आणि सोडला.

दरडीच्या वर पोचेपर्यंत पडद्यावर सगळं ठीक होतं. मग धुकं आलं. यंत्राला धुकं म्हणजे समोर भिंतच वाटली आणि ते हवेतच थांबून राहिलं. काचेवर थेंब चढले. खाली रानकेळींचा हिरवा चिखल, मध्ये तांबडी माती, बाकी सगळं पाण्यानं फुगलेलं आणि वाकडं. धुकं जरा विरळ होताच तिनं एक फेरी मारली, ड्रोन परत आणला आणि ओल्या गवतावर न उतरवता हातानंच झेलला.

"दिसला?" मामानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे तिथे नाही."

"मी तसं नाही म्हटलं. मला दिसला नाही, एवढंच. काचेवर पाणी होतं."

"हो की नाही ते सांग, पोरी. दोर एक आहे, माणसं आठ आहेत. पूर्वेच्या ओढ्यात त्याची टोपली सापडलीय."

"सांगता येत नाही."

"एवढा महागाचा भुंगा," मागून कुणीतरी बोललं, "आणि त्याला हो-नाही येत नाही."

मामानं क्षणभर विचार केला आणि माणसं पूर्वेला पाठवली. टोपली हातात होती. रिदाच्या हातात काहीच नव्हतं. त्याच्या जागी तीही कदाचित तेच करती.

ड्रोन घेऊन ती जवळच्याच मेरिसच्या घरी आली. बॅटरी काढून तिनं स्वेटरच्या आत पोटाशी धरली, म्हणजे गार पडायची नाही. पंख्यांच्या मुळाशी, हवेच्या फटींत कापसाचा बोळा फिरवला. मग यंत्र चुलीच्या बाजूला ठेवलं, धग लागणार नाही इतक्या लांब. सुकल्याखेरीज सुरू करायचं नाही, हे तिनं स्वतःला दोनदा बजावलं. कारण हात शिवशिवत होते.

मेरिसनं पान-सुपारी पुढे केली. "तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग, कोंग."

"तरी."

"तो दरडीकडेच असेल. टोपली पाण्याबरोबर कुठंही जाते."

"मग मामाला का नाही सांगितलंस?"

"ते वाटणं होतं. त्यांनी दिसलं का विचारलं होतं."

 मेरिसनं चुलीत लाकूड सरकवलं.

दुपारी पाऊस थांबला. दरीतलं धुकं वर उचललं गेलं आणि समोरचा कडा धुतल्यासारखा उभा राहिला. मेरिस दारात जाऊन परत आली, पुन्हा गेली. रिदानं फटींतून बोट फिरवून पाहिलं; बोट कोरडं निघालं. तेव्हा कुठे तिनं बॅटरी चढवली.

या वेळी पडदा लख्ख होता. दरडीच्या कडेला, जिथून सकाळी तिनं फेरी मारली होती त्याच्या जरा खाली, मोडक्या रानकेळींत एक इरलं उपडं पडलं होतं. तिनं ड्रोन खाली उतरवला. इरल्याखालून एक हात निघाला.

मेरिसनं पडद्याला बोट लावलं आणि किंचाळली. मग भानावर येऊन ती मामाकडे धावली. रिदानं ड्रोन तिथेच थांबवला. क्लोमेनला वर कुणीतरी आहे हे कळावं म्हणून. मेरिस परतली तोवर वाऱ्यानं पहिले थेंब आणले. रिदानं ड्रोन मागे वळवला.

"अजून थोडं राहू दे," मेरिस म्हणाली.

"ड्रोन पडला तर त्याच्या अंगावर पडेल, कोंग. त्याची जागा कळलीय आपल्याला."

माणसं पूर्वेहून यायला वेळ लागला. दोर सोडून त्यांनी क्लोमेनला वर आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. पाय मांडीपाशी मोडला होता. शिलाँगला नेलं, पाय वाचला, पण आखूड झाला.

तो घरी आल्यावर मामा आणि रिदा त्याला भेटायला गेले. डुकराचं मांस घातलेला भात झाला, गप्पा झाल्या. बोलता बोलता क्लोमेन म्हणाला, "सकाळी पण आला होता ना तुझा भुंगा. माझ्या डोक्यावरच होता. मी ओरडत होतो. म्हटलं, दिसलो आता. म्हणून मग ओरडायचं थांबवलं. दम राखून ठेवला."

 मेरिसनं भांडी उचलली.

"माणसं मी पूर्वेला धाडली," मामा म्हणाला. "काचेवर थेंब होते. ही ‘सांगता येत नाही’ म्हणाली होती. मी ते ‘नाही’ असं ऐकलं."

क्लोमेननं पान तोंडात ठेवलं, सावकाश चावलं. "टोपली तिकडंच होती की. मीही तेच केलं असतं." मग रिदाकडे वळून तो म्हणाला, "पण काय गं, थेंब पुसायला तिथं वर काही सोय नसते का?"

"नसते."

"मग पावसात नको उडवू."

"नाही उडवत."

त्या दिवशीच्या ओलीनं काचेच्या आत एक पांढुरका डाग धरला. शिलाँगच्या दुरुस्तीवाल्यानं काच बदलायला सांगितलं, तिनं बदलली. पुढच्या पावसाळ्यात एका लग्नाला तिनं पावसात उडवायला नकार दिला तेव्हा वधूचा काका मामाकडे तक्रार घेऊन गेला. मामानं त्याला चहा दिला आणि हवामानाबद्दल बोलत बसला.