न वापरण्यासाठी घेतलेले पद

पावणेसहाला डेल्फीन रँकोर उठली. लाकडाच्या शेगडीतली राख उकरून तिने दोन बारीक ओंडके आत सरकवले आणि विहिरीचे पाणी किटलीत उकळायला ठेवले. त्या पाण्याला लोखंडाचा वास येई. कॉफी जरा जास्त घातली की तो दबे. ओटच्या लापशीवर मेपलचा पाक ओतून ती वाडगा घेऊन खिडकीशी बसली. मे महिना अर्धा सरला होता, तरी उत्तरेच्या उतारावर मळक्या बर्फाची एक पट्टी टिकून होती. रस्त्यापलीकडे, डोंगरातल्या झऱ्याची नळी दगडी कुंडीत अखंड वाहत होती. सव्वासहाला शाळेच्या बसचा ड्रायव्हर बाटल्या भरून गेला. साडेसहाला एस्पेरान्स मुहिंडो आली. काँगोतून आलेली, शेजारच्या गावी वृद्धाश्रमात नोकरी करणारी ही बाई आपले दोन पिवळे कॅन भरी आणि जाताना खिडकीकडे पाहून हात हलवी. डेल्फीननेही हलवला.

एप्रिलपासून डेल्फीनने स्वतः त्या झऱ्याचे पाणी भरले नव्हते. हे तिने कोणालाही सांगितले नव्हते.

झरा ग्रँट विकरीच्या जमिनीत होता. सहा वर्षांपूर्वी तो अॅरिझोनाहून न्यू हॅम्पशायरमधल्या या गावात आला; सरकार जिथे कमीत कमी असेल अशी जागा शोधत आलेल्या शंभरेक माणसांपैकी तो एक. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या गावसभेत त्यांनी गावाचा कचरा डेपो बंद करण्याचा ठराव मांडला. ज्याचा कचरा त्याने पाहावा. अकरा मतांनी ठराव मंजूर झाला, आणि मत देताना वर गेलेल्या कार्डांत डेल्फीनचेही कार्ड होते. कोणी कोणाच्या ताटात डोकावू नये, हे ती गिरणी कामगार बापाच्या घरात शिकली होती, आणि ते तिला मनापासून पटले होते. गावच्या आरोग्य अधिकाऱ्याचे पद तिने घेतले तेही त्याच भावनेने. राज्याच्या कायद्यामुळे ते रिकामे ठेवता येत नव्हते. मग ते न वापरणाऱ्या माणसाकडेच असावे, हे बरे. तीन वर्षांत तिने आदेशाचा एकही कागद काढला नव्हता. ग्रँट पाहुण्यांशी तिची ओळख करून देई: “या आमच्या आरोग्य अधिकारी. असं उत्तम सरकार मी दुसरं पाहिलं नाही. काहीच करत नाहीत!” सगळे हसत. तीही हसे.

एप्रिलमध्ये ती मेपलच्या झाडांना रसासाठी लावलेल्या बादल्या काढायला झऱ्यावरच्या चढावर गेली, तेव्हा तिने ग्रँटने खणलेला खड्डा पाहिला. ग्रँट डुकरे पाळून कापून विकत असे. डेपो बंद झाल्यापासून आतडी, मुंडकी, शेण, सारे त्यात पडत होते. वितळत्या बर्फाने तो काठोकाठ भरला होता. वर राखाडी फेस होता, फेसातून एक कान वर आला होता, आणि काठावरून एक पातळ तपकिरी ओघळ खाली, झऱ्याच्या दिशेने, मातीत जिरत होता. तिने रुमाल नाकाला लावला. घरी येऊन आपल्या बाटल्या गवतावर ओतल्या. आठवड्याने ग्रँटने कुंडीवर पाटी ठोकली: ‘खासगी मालमत्ता. पाणी ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर प्यावे.’ तेव्हा डेल्फीनला सुटल्यासारखे वाटले. सांगायचे ते आता सांगून झाले होते.

मेमधल्या त्या सकाळनंतर दोन दिवस पिवळे कॅन आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी एस्पेरान्स दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, अंगावर वृद्धाश्रमाचाच गणवेश.

“ममाँ डेल्फीन, हॉस्पिटलवाले विचारतायत, पाणी कुठलं पिता म्हणून.”

दोघी फ्रेंचमध्ये बोलत. डेल्फीनची फ्रेंच तिच्या क्वेबेकच्या आजीची. त्या भाषेसाठी शाळेत तिच्या बोटांवर पट्टी बसली होती.

“काय झालं?”

“माझ्या मसिकाला शीतून रक्त पडतंय. आता किडनीच चालेनात. मशीन लावलंय. चार वर्षांची आहे हो ती.” मग तिने कुंडीकडे बोट केले. “त्या पाटीवर काय लिहिलंय? इंग्रजी मला अजून वाचता येत नाही.”

“तुला काय वाटलं होतं?”

“आमच्याकडे बुटेम्बोला प्रत्येक नळावर पाटी असते. ज्याने नळ दिला, त्याचं नाव. मला वाटलं, कोणीतरी भला माणूस असेल. मी रोज पाटीला हात लावून त्याला आशीर्वाद द्यायचे.”

डेल्फीनने पाटीवरचा मजकूर शब्द न् शब्द फ्रेंचमध्ये सांगितला.

“तुम्ही पाणी भरायला येत नव्हता,” एस्पेरान्स म्हणाली. “मला वाटलं, वय झालं, उचलवत नसेल. परवा मी तुमच्यासाठीही एक कॅन भरणार होते.”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. डेल्फीनला तेच सोसवेना.

ग्रँट अंगणात सुरी धूत होता. तिचे सगळे ऐकून घेऊन तो सौम्यपणे म्हणाला, “फार वाईट झालं. पण मी कोणाला बळजबरीने पाजलं का?”

“तिला पाटी वाचता येत नाही, ग्रँट.”

“मग वाचून घ्यायची कोणाकडून तरी. उद्या बारा भाषांची माणसं येतील; मी बारा पाट्या लावू? तिने दावा करावा. माझी चूक ठरली तर पै न् पै भरून देईन. याहून सभ्य रीत कोणती?”

“किडनी भरून देणारेस?”

त्याने सुरी पुसली. “तुम्ही खड्डा पाहिला होतात, डेल्फीन. बादल्या काढायला आला होतात तेव्हा. मी गोठ्यातून बघत होतो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, या गावात एक तरी तत्त्वाचं माणूस आहे.”

त्याने नेहमीसारखा बेकनचा पुडा पुढे केला. “घेऊन जा. कालचंच आहे.”

पुड्याच्या कागदातून ओल पाझरली होती. कुबट वास येत होता. तो पुड्याचा की स्वतःचा, हे तिला कळेना. पुडा न घेता ती मागे फिरली.

घरी येऊन तिने राज्याच्या पाणी खात्याला फोन केला. नाव विचारले तेव्हा स्वतःचे नाव सांगितले, आणि न विचारताच पदही सांगितले. मग टेबलाच्या खणातून तीन वर्षे न फोडलेले आदेशाच्या कागदांचे पाकीट काढले. पहिल्या कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहिले: झरा दूषित आहे, वापर बंद, खड्डा तीन दिवसांत उपसावा. खाली तेच फ्रेंचमध्ये. शुद्धलेखनाची खात्री नव्हती. तरी खोडाखोड न करता तिने सही केली. एक प्रत ग्रँटच्या पत्रपेटीत टाकली.

मग ती पाना आणि हातोडी घेऊन रस्ता ओलांडून गेली. पाटी न काढता तिने तिच्यावरच कागद ठोकला. नळीची कडी सैल करून नळी दगडातून ओढून काढली. पाणी कुंडी चुकवून रस्त्याकडेच्या चरात वाहू लागले. बसचा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला.

“आज पाणी नाही का?”

“नाही,” डेल्फीन म्हणाली, आणि नळी खांद्यावर घेऊन घरात गेली.