शुक्रवारी जाणारा दिवा

सूरज कुवेतला गेल्यावर पोलादपूरच्या घरी माधुरीनं ब्रॉडबँड घेतलं, ते २००८ साल होतं. शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. दुपारी तीनला दोघं कॉम्प्युटरवरून बोलायची, आणि दोन-चार मिनिटांत लाइन तुटायची. राउटरवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा.

माधुरीनं राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, पंख्याजवळून उचलून खिडकीत ठेवला. टेलिफोन ऑफिसात चार वेळा तक्रार केली. लाइनमन जानू मंगळवारी यायचा, तेव्हा सगळं सुरळीत असायचं.

मग एका शुक्रवारी जेमतेम लागलेल्या लाइनवर सूरज म्हणाला, "दादा सांगत होता, तुला बोलायचंच नसतं. तूच बंद करतेस."

दादा म्हणजे सयाजी, तिचा मोठा दीर. एकाच अंगणात पलीकडच्या घरात राहायचा. महामार्गालगतची पाच गुंठे जागा सूरजनं माधुरीच्या नावावर केली होती आणि सयाजीनं त्यावर हरकत घेतली होती. महाडला प्रांत कचेरीत तारीख लागली होती. हरकत टिकली नसती, पण सूरजच्याच मनात बायकोबद्दल किल्मिष आलं असतं, तर त्यानं आपणहून जागा परत घेतली असती.

माधुरीनं जानूला शुक्रवारीच बोलावलं. त्यानं घरातला फोन काढला, राउटर थेट ओसरीवरच्या डबीला जोडला. दिवा स्थिर राहिला. तीनला माधुरी कॉम्प्युटरसमोर बसली, आणि पाच मिनिटांनी दिवा गेला.

"घरात कायच खराबी नाय, ताई," जानू म्हणाला. "तुमच्या लाइनवर दुसरा फोन हाय कुठंतरी. तुमच्या फोनला ही स्प्लिटरची डबी हाय, म्हणून तुम्ही बोललात तरी दिवा जात नाय. त्या फोनला डबी नसणार. रिसिव्हर उचलला की इंटरनेट मेलं."

वळचणीखालून एक काळी वायर गोठ्याच्या मागनं गेली होती. ती सयाजीच्या माडीवर चढत होती.

"तोडू?" जानूनं विचारलं.

"नको," माधुरी म्हणाली. "आणि कुणाला बोलू पण नका."

त्या दिवशी ती जेवली नाही. सहा महिने माडीच्या खिडकीतून बघून, ती कॉम्प्युटरसमोर बसली की हा माणूस रिसिव्हर उचलत होता, आणि संध्याकाळी नवऱ्याला तिच्याबद्दल सांगत होता. तिचं फोनवरचं बोलणंही ऐकत असणार. आईच्या आजारपणात बहिणीपाशी ती फोनवर रडली होती, तेही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती महाडला गेली आणि बहिणीला, नूतनला, काय करायचं ते नीट समजावून आली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं नूतनला फोन लावला. नजर राउटरवर होती. भाजीचं बोलली, पावसाचं बोलली. दिवा तसाच होता. मग तो लुकलुकला आणि गेला.

"उद्या नको येऊस गो कचेरीत," माधुरी म्हणाली. "सुनावणी पुढं गेली. साहेब रजेवर हायत, वकिलांचा निरोप आला."

"मग कधी?" नूतननं शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

सकाळी सयाजी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून शेताकडे जाताना तिला दिसला. ती साडेनऊच्या एसटीत बसली. कचेरीत सयाजीच्या नावाचा तीन वेळा पुकारा झाला. कुणी उठलं नाही. हरकतदार गैरहजर, हरकत फेटाळली.

संध्याकाळी तो अंगणात आला. "आज सुनावणी झाली म्हनतात."

"झाली, भावजी."

"ती तर पुढं गेली होती."

"कोन बोललं तुम्हाला?"

माधुरी त्याच्याकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती.

"गावात ऐकलं," तो शेवटी म्हणाला.

"गावात मी कुणालाच बोलले नव्हते. फोनवर बोलले फक्त."

मंगळवारी जानू वायर काढायला आला. शिडी हलत होती, म्हणून त्यानं अंगणात उभ्या असलेल्या सयाजीला हाक मारली, "जरा धरा हो." नाही म्हणायला सयाजीला कारण सापडलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली. त्याची बायको ठकूबाई दारात येऊन बघत राहिली.

शुक्रवारी माधुरीनं सूरजला सगळं सांगितलं. "दादाशी बोलतो मी," एवढंच तो म्हणाला. आपण तिच्यावर विश्वास ठेवला नाही, याबद्दल काही नाही. तिनं वाट बघितली.

"तू विचारायला हवं होतंस मला," तिनं सांगितलं, आणि त्या दिवशी लाइन तिनंच बंद केली.