मथुरावहिनींच्या गाडीचं पाणी

माझ्या गॅरेजात गाडी आली की मी गाडीचं ऐकतो, मालकाचं नाही. तीस वर्षं हेच चाललंय. मालक काहीही सांगतात. कोणी म्हणतो खड्ड्यात आपटल्यापासून, कोणी म्हणतो मेव्हण्याने चालवल्यापासून. गाडी खोटं बोलत नाही, हे मी शिरगावात निदान शंभर जणांना ऐकवलं असेल.

मथुरावहिनींची पांढरी गाडी वीस वर्षांची. त्यांचा नवरा हरिश्चंद्र बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तेव्हा साठीला टेकलेल्या वहिनी गाडी शिकल्या. रिक्षात त्याचा पाय वाकत नाही. या गाडीची पुढची सीट पार मागे सरकवली की तो कसाबसा बसतो. रोज संध्याकाळी त्या त्याला आरे-वारेला नेतात आणि चढणीच्या वर गाडी लावून तासभर समुद्र दाखवतात. नेलं नाही तर तो रात्री जेवत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं जास्त लागलं.

नोव्हेंबरात त्या गाडी घेऊन आल्या.

"गुरूभावजी, गाडी पाणी टाकते. ती बाजूची बाटली भरते नि खाली सांडतंय. गणपतीपासून चालू झालंय बघा. त्या दिवशी तुम्ही..."

"वहिनी, इंजिनाला सण कळत नाय," मी म्हटलं आणि बॉनेट उघडलं.

हरिश्चंद्र पुढच्या सीटवरच होता. डावा हात खिडकीबाहेर काढून मनगट फिरवत होता, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, लवकर आटप म्हणतोय. मीही त्याला हात केला.

रेडिएटरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे आले. बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट फाटलं, इंजिनातला जळका वायू पाण्यात शिरतोय. मग ऑइल बघितलं, तर ते स्वच्छ. गॅस्केट गेलं की ऑइल बहुतेक वेळा दुधाळ होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण बाहेर दोन टेम्पो खोळंबले होते आणि माझं मत बनलं होतं. एकदा मत बनलं की मी ऑइललाही जुमानत नाही.

"इंजिन खोलायला लागेल. नि खोललं तरी हे धूड किती दिवस चालेल, त्याची हमी नाय. काढून टाका."

वहिनींनी वाद घातला नाही. माझ्या शब्दावर कोणी वाद घालत नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता. त्यांचा मुलगा ओमकार मुंबईला असतो. त्याने फोनवरून एक भंगारवाला ठरवला. तो रविवारी गाडी न्यायला येणार होता.

शनिवारी दुपारी वहिनी पुन्हा आल्या. "उद्या गाडी जातेय. आज ह्यांना शेवटचं घेऊन जाते. वाटेत बंद पडली तर मी एकटी काय करू? तुम्ही येताव काय?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. पाण्याचा कॅन घेऊन मागे बसलो.

सगळी वाट मी मागून इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवून होतो. चढणीवर काटा चढणार, वाफ येणार आणि माझं म्हणणं खरं ठरणार. वहिनी दुसऱ्या गिअरवर संथपणे चढण चढल्या. काटा मधोमध होता तो हललाच नाही. पंखा वेळेवर लागला, वेळेवर थांबला. मला चक्क राग आला.

वर पोचल्यावर वहिनींनी चावी काढली. हरिश्चंद्र समुद्राकडे बघत बसला. तीन-चार मिनिटांनी बॉनेटखाली फसफस झाली आणि बाटलीतून पाणी उतू जाऊन रस्त्यावर आलं.

"हे असंच," वहिनी म्हणाल्या. "चालताना कधीच नाय. थांबल्यावर."

"मग हे आधी का नाय सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत काय?"

गॅस्केट फाटलं असतं तर चढणीवरच गाडीने मान टाकली असती. गाडी थांबली की पाणी फिरवणारा पंप थांबतो आणि इंजिनाची धग पाण्यात उतरते. तेव्हा ते पाणी दाबून धरायचं काम एकाच वस्तूचं असतं. बुडबुड्यांचं म्हणाल तर वहिनी रोज वरून पाणी ओतत होत्या, त्यातली ती अडकलेली हवा.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. आतलं रबर कडक होऊन चिरलं होतं, स्प्रिंग नुसत्या बोटाने दबत होती. झाकण पालथं करून वरचा मळ पुसला तर हिरव्या रंगाचा ठिपका.

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना डबा आहे. कधीतरी लागतील म्हणून जुन्या गाड्यांचे सुटे भाग मी त्यात टाकतो. शेजारच्या गॅरेजातल्या हर्षदने उचलू नयेत म्हणून प्रत्येकावर हिरवा ठिपका देतो. गणपतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे मुंबईकरांच्या गाड्यांची रांग होती. त्यातच वहिनी आल्या. पेट्रोल पंपावर पाणी भरताना झाकण कुठेतरी पडलं म्हणाल्या. त्यांना दुकानात पाठवायचं सोडून मी डब्यातलं एक झाकण बसवून दिलं आणि वर, पैसे राहू दे वहिनी, म्हटलं. उपकार केला म्हणून दिवसभर खूश होतो. काम म्हणून केलं असतं तर त्यात काय चुकलं ते मी शोधलं असतं. उपकारात खोट असेल, हे मनातही आलं नाही.

मला शरम वाटली. झाकण खिशात घालून गप्प राहता आलं असतं, तसा विचारही आला.

"वहिनी, झाकण खराब आहे. मीच दिलेलं. इंजिनाला काय एक झालेलं नाय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तेच सांगत होते पहिल्या दिवशी," एवढंच म्हणाल्या आणि भंगारवाल्याला नको सांग म्हणून त्यांनी ओमकारला फोन लावला.

कॅनमधलं पाणी भरून आम्ही हळूहळू रत्नागिरीत आलो. दुकानातून बरोबर मापाचं नवीन झाकण घेतलं आणि इंजिन निवल्यावर तिथेच बसवायला घेतलं. झाकण ठेवलं, दाबलं, फिरवलं. सहज बॉनेटच्या बाजूने बघितलं तर हरिश्चंद्रचा डावा हात खिडकीबाहेर होता. मनगट फिरत होतं. झाकणावर माझा हात अगदी तसाच फिरत होता.

जन्म इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. मी ते जुनं झाकण बसवलं तेव्हा तो याच सीटवर बसून बघत होता. आणि नोव्हेंबरात मी त्याला हात केला होता.

मी त्याच्याजवळ गेलो आणि हिरव्या ठिपक्याचं झाकण त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते बोटांनी उलटं केलं, अंगठ्याने स्प्रिंग दाबून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. बोलता येत असतं तर त्याने मला शिवी घातली असती आणि मी ती ऐकून घेतली असती.

मग त्याने हात आत घेऊन मांडीवर ठेवला. झाकण मात्र परत दिलं नाही.