चिमणीने माझा पंख फाडला

मी एक जुने विमान आहे, मित्रांनो. मागेपुढे दोन माणसे बसतील, एवढाच माझा जीव. माझे अंग लोखंडी असेल असे तुम्हाला वाटेल. पण माझे पंख म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेले कापड आणि त्यावर चढवलेले लेप.

माझा जन्मच मारझोडीत झाला. करवतीने कापले, रंध्याने तासले, हातोडीने ठोकले. पुढे नवशिके वैमानिक माझ्यावर हात साफ करू लागले. कोणी मला धावपट्टीवर आपटले, कोणी कुंपणात घुसवले. एका दुपारी माझी शेपूट वळवणारी तार हवेतच तुटली. ती कधीची झिजली होती, पण कोणी बोट लावून पाहिले नव्हते. मी नाकावर कोसळलो. शिकवणारे मास्तर माझ्याच खुर्चीत गेले. त्यांचे रक्त माझ्या लाकडात मुरले आणि मला भंगारात फेकून दिले.

तिथून मला बाबांनी उचलले. बाबा म्हणजे मोठा हौशी माणूस. घड्याळे दुरुस्त करता करता त्यांनी मलाही उभे केले. त्यांचा मोठा मुलगा, दादा, मला उडवू लागला. धाकट्या मुलीला घरात चिमणी म्हणत. ती रीतसर परवाना घेऊन विमानांची तपासनीस झाली.

माझ्यासारख्या खासगी म्हाताऱ्यांसाठी नियम आहेत, मित्रांनो. तेल बदलावे, चाकात हवा भरावी, इतपत मालकाने करावे. पण दरवर्षी परवानेवाल्याने अंग उघडून बघावे. आणि विमान जोरात आदळले, तर पंखातली तुळई, म्हणजे कापडाखालचे पंखाचा भार पेलणारे लांब लाकूड, तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवू नये.

दादाने मला आदळले. उतरताना वाऱ्याने झोका दिला आणि चाके अशी बसली की सांध्यासांध्यातून कळ गेली. दादा घरी काही बोलला नाही. दोनच दिवसांनी त्याने बाबांना माझ्या पुढच्या खुर्चीत बसवले. बाबा आजारी होते. एकदा वरून आपले गाव बघायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

इंजिन धडधडू लागले आणि चिमणी हँगरमध्ये, म्हणजे माझ्या निवाऱ्यात, धावत आली. तिची नजर माझ्या चाकाच्या वाकलेल्या दांडीवर गेली.

"दादा, आपटलंस ना याला? बंद कर!"

"उगाच कटकट करू नकोस. आल्यावर तपास काय ते."

"बाबा बसलेत त्यात!"

दादाने खाली उडी मारून तिला ढकलले. ती फरशीवर तोंडावर पडली. हनुवटी फुटली, रक्त गळ्यावर ओघळले. ती उठली, कापड कापायची सुरी उचलली आणि माझ्या डाव्या पंखात खुपसली. या कडेपासून त्या कडेपर्यंत टरकन फाडत नेली. मित्रांनो, गारांनी मला झोडपले आहे, काट्यांनी ओरबाडले आहे. पण घरच्या माणसाचा वार निराळाच झोंबतो.

दादाने इंजिन बंद केले. फाटक्या कापडातून आत पाहिले. तुळई ठणठणीत होती.

"बघ! फुकट वाटोळं केलंस!" असे ओरडून त्याने तिच्या थोबाडीत मारली.

"हात खाली घे!" बाबा कडाडले. आधार घेत, धापा टाकत ते उतरले. चिमणीच्या हातातली सुरी घेऊन उजव्या पंखाकडे वळले. मला उभे करणाऱ्याच त्या हातांनी त्यांनी मला चिरले.

आत तुळई उभी चिरली होती. बाबांनी नुसते बोट दाबले, तर लाकूड कुरकुरत आणखी उकलले. मला ते आधीच ठाऊक होते, पण सांगायला तोंड कुठून आणू?

दादा रुमाल घेऊन चिमणीच्या हनुवटीपाशी गेला. तिने त्याचा हात झिडकारला.

"आधी बाबांना घरी ने," ती म्हणाली.

नवी तुळई बसवायला वेळ लागला. सरस वाळायला लागायचा तितकाच वेळ लागतो, तो कोणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही की घाई करत नाही. दादा रोज येऊन लाकूड धरी. चिमणी त्याच्याशी कामापुरतेच बोले. मी उडायला तयार होण्याआधीच बाबा गेले. घरी, अंथरुणात, दोन्ही मुलांचे हात हातात घेऊन. गाव वरून बघायचे राहूनच गेले.

त्या दिवशी हँगरमध्ये दादा माझ्या चाकाला टेकून हमसून हमसून रडला. "मी त्यांना नेलं असतं गं, चिमणे," तो म्हणाला. "त्या चिरलेल्या पंखानं वर नेलं असतं आणि..." चिमणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. त्याला पुसा, मिरवा, जरूर चालवा. पण ते आदळले असेल तर लपवू नका. आणि कोणी आडवे येऊन "थांब" म्हणाले, तर त्याच्यावर हात उगारण्याआधी दुसऱ्या पंखातही बघून घ्या.