दांडीचे बूट

ठकीचं पाऊल हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बूट मधेच कोण काढतं?"

जन्मतः आत वळलेलं ते पाऊल आठवड्या-आठवड्याला नवं प्लास्टर घालून सरळ झालं होतं. आता झोपताना दांडीने जोडलेले बूट घालायचे, एवढंच उरलं होतं. तरी पाऊल पुन्हा आत वळू लागलं होतं.

"कोणीच नाही," आई म्हणाली. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. ती शिलाईच्या कारखान्यात गेली की ठकी सासूबाईंकडे असायची, आणि "पोरीला बेड्या घातल्यात," असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या.

जेवताना तिने हळूच नवऱ्याच्या कानावर घातलं.

"आईचं काही सांगता येत नाही," तो पानातून मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती न सांगता घरी आली. चपला दाराबाहेरच काढल्या. ठकी गाढ झोपली होती, बूट पायात, पट्टे घट्ट. शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

"पाळत ठेवायला आलीस?"

ती ठकीच्या पायाशी बसली.

"मला वाटत होतं, तूच काढतेस," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी मी बूट काढते तेव्हा पट्ट्याचे वळ असतात. सकाळी तू पोर माझ्याकडे देतेस तेव्हा पाय कसा कोरा करकरीत."

रात्रीचे बूट ठकीचा बाप चढवायचा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग जेवताना नवरा काय म्हणाला, ते तिने सासूबाईंना सांगितलं.

त्या संध्याकाळी त्याने बूट चढवले तेव्हा दोघी समोर उभ्या होत्या. बायकोने पट्ट्याखाली बोट घातलं. ते सहज आत गेलं. टाच बुटाला टेकलीच नव्हती.

"घट्ट केलं की रडते," तो म्हणाला. "मला नाही बघवत."

"आणि आळ माझ्यावर ढकललास?" सासूबाईंनी विचारलं.

पुन्हा प्लास्टर घालावं लागलं. या वेळी तोच ठकीला घेऊन गेला आणि झालं ते त्याने स्वतः डॉक्टरीणबाईंना सांगितलं. रडणं थोड्या दिवसांचं असतं, पट्टा सैल राहिला तर पाऊल वळणारच, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

पाऊल सरळ झालं. बूट अजूनही तोच चढवतो. मग सासूबाई येऊन टाच चाचपून जातात, त्यांच्यामागून बायको. तो भिंतीकडे बघत बसतो.