परखी लावलेला टायर

गेल्या डिसेंबरात बालाघाट ते खैरलांजी सायकल सफरीत मी तांदळाच्या पोत्यांवर बसून पोचले. वारासिवनीच्या पुढे टायरात बाभळीचा काटा घुसला आणि सफरीच्या जेवणाचा तांदूळ घेऊन मागून येणाऱ्या टेम्पोने मला सायकलसकट उचलून घेतलं. तेव्हापासून सफरीत सोबत असलेला आमच्या कचेरीतला वीरेंद्र मला रोज विचारतो, "मैडम, आज चावल का क्या भाव?" ऐकून ऐकून कान किटले. यंदा काही झालं तरी टेम्पोत चढायचं नाही, अशी मी शपथच घेतली.

सफरीच्या आदल्या आठवड्यात टायर घ्यायला निघाले, तर बाबा म्हणाले, "थांब, मी बी येतो." माझे बाबा, महागू, चाळीस वर्षं राईस मिलमध्ये धान पारखायला होते. पोत्यात परखी, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, खुपसायची, आतला नमुना बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. नोकरी सुटली, पण परखी सुटली नाही. पिशवीत घेऊन हिंडतात.

बाबूलालने दुकानात तीन टायर मांडले. पहिला बारीक, हलका. "ये हवा से बात करेगा." दुसरा रुंद, मऊ. "गड्ढा पता नहीं चलेगा." तिसऱ्यात आतून जाड पट्टा. "इसमें काँटा नहीं घुसता, पर भारी है." मला वेग हवा होता, आराम हवा होता आणि काटाही नको होता. आमच्या आत्याची जावयासाठीची यादी अशीच होती, त्या नादात तिची पोरगी पस्तिशीला आली.

"घुसत नाही, कोन म्हन्ते?" बाबांनी विचारलं.

"कंपनी बोलती है, दादाजी."

"पोत्यावर बी बासमती लिवलं राह्यते."

"बाबा, नका!" असं मी म्हणेपर्यंत परखी बारीक टायरच्या आरपार गेली. मग रुंदाच्या. बाबूलाल कळवळला, "अरे दादाजी, ये क्या कर रहे हो!"

"थांब ना गा, नमुना पाहून राह्यलो."

तिसऱ्यावर त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. परखीचं टोक वाकलं. बाबांचा चेहरा उजळला. "याचीच जोडी घे, पोरी." भोकं पडलेले दोन टायरही अर्थात आम्हीच घरी आणले.

सफरीच्या सकाळी सगळे भुर्रकन पुढे निघून गेले. माझ्या मांड्या पेटल्या होत्या. तो टायर नव्हे, जातं होतं. मी बाबांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. वारासिवनीला तोच टेम्पो हॉर्न वाजवत मला मागे टाकून गेला. आपली पसंती कशी पळते ते पाहायला बाबा ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि वरबापासारखा हात हलवत होते. मला रडूच आलं.

पुढच्या वळणावर टेम्पो कडेला कलंडून उभा होता. ड्रायव्हर जॅक शोधत होता, बाबा खाली उतरवलेल्या तांदळाच्या पोत्यावर बसलेले.

"काय झालं, बाबा?"

"पंचर. याच्या टायरले परखी कोनं लावली होती?"

मी ब्रेक दाबला. बाबा वाकडी परखी उगारून उठले. "थांबू नको! जाय, जाय!"

खैरलांजीत मी सगळ्यात शेवटी पोचले. पण सायकलवर पोचले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. वीरेंद्र चहा पीत होता. सवयीने म्हणाला, "मैडम, चावल का क्या भाव?"

मी घाम पुसला.

"मुझे क्या मालूम? चावल तो पीछे रह गया."