खानाला उचलणारा बुरणूस

मी बुरणूस बोलतोय. लोकरीचं जाड अंथरूण, पण माझ्यात उभा-आडवा धागा नाही. ओर्खोन नदीकाठच्या मेंढ्यांची लोकर गरम पाण्यानं भिजवून तिची गुंडाळी केली, घोड्यामागं बांधून माळभर लोळवली, तेव्हा मी झालो. मला घडवलं तोलुननं. पांढऱ्या लोकरीत काळ्या कोकराची मूठभर लोकर चुकून मिसळली, म्हणून माझ्या एका कोपऱ्यावर डाग आहे. शेजारणी काढायला निघाल्या, तर ती म्हणाली, "राहू दे गं, तीही लोकरच."

तिचा येगेन माझ्यावरच जन्मला, माझ्यावरच रांगला. मला अनेकदा भिजवलं त्यानं, पण त्याचा राग कधी आला नाही.

जुना खान वारला आणि टोळीनं येगेनला निवडलं. आम्हा तुर्कांत नव्या खानाला बुरणुसावर बसवून उचलतात, सूर्याच्या चालीनं नऊ फेऱ्या घालतात. मग घोड्यावर चढवून गळ्याभोवती रेशीम आवळतात आणि शुद्ध हरपता हरपता विचारतात, "किती वर्षं राज्य करशील?" तोंडून निघेल तो आभाळाचा शब्द. तेवढी मुदत भरली की खानानं पायउतार व्हायचं.

टोळीच्या सरदारांत, म्हणजे बेगांत, थोरल्या असलेल्या तारदू बेगांनी मला बघून नाक मुरडलं. "डागाळलेला बुरणूस? लोक काय म्हणतील?"

"लोक खानाकडे बघतील," तोलुन म्हणाली. "बुरणुसाकडे बघायला लागले, तर खान बदला."

तारदू बेगांनी पुढं होऊन माझा डागाचाच कोपरा धरला. येगेनचं सारं वजन मी पेललं, एक शिवण नसताना. मग रेशीम आवळलं गेलं. त्याचे डोळे फिरले. प्रश्न विचारला, पण त्यानं आकडा सांगितलाच नाही. "आई," एवढंच म्हणाला.

बेगांची मोठी पंचाईत झाली. बराच खल करून तारदू बेगांनी निकाल दिला, "आई आहे तोवर खान."

तेव्हापासून तोलुनची जी बडदास्त सुरू झाली, ती काय सांगू. ती जरा खोकली की कुणी घोडीचं आंबवलेलं दूध आणी, कुणी मटणाचा रस्सा.

"मला काय शर्यतीची घोडी समजलात का रे?" ती वैतागायची.

"काकू, तुम्ही पडलात तर खान पडला. कानटोपी घाला आधी," तारदू बेग दटावायचे.

येगेन राज्य चांगलं करत होता, त्यामुळे सगळ्यांनाच ती हवी होती. एका म्हातारीला टोळीनं इतकं जपलं, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

एका पानगळीत ती माझ्यावरच झोपेत गेली. तारदू बेग आले, डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "खान, कुणाला कळवू नका. आजारी आहे म्हणू. टोळीला तुमची गरज आहे."

"आजवर तिच्या जिवावर खान होतो, बेग. आता तिच्या मढ्यावर होऊ?" येगेननं कमरेचा खानपदाचा पट्टा सोडून बेगांच्या हाती दिला आणि मला तिच्याभोवती गुंडाळायला घेतलं.

"निदान बुरणूस तरी ठेवा. पुढचा खान कशावर उचलायचा?"

"त्याच्या आईला नवा करायला सांगा."

आता मी मातीच्या उंचवट्याखाली, गोठलेल्या जमिनीत आहे. काळा डाग तिच्या गालाशी आला आहे. वरून घोडे गेले की हादरा जाणवतो. कोण खान आहे, ठाऊक नाही. खानाला उचललं ते एकच दिवस, हिला मात्र कायमचं कवेत घ्यायला मिळालं. कधी कुणी खणत इथवर आलातच, तर मला उलगडू नका. तिला थंडी सोसत नाही.